घर खाली करून घेणं, घर खाली करणं: नागपूरच्या घरमालक आणि किरायेदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं नागपूर शहरातल्या राहत्या घरांपुरती आहेत. दुकान, गोदाम, शेत यांचे नियम बरेचसे वेगळे. घरमालक आणि किरायेदार दोघांसाठीही लिहिलं आहे, त्यामुळे काही उत्तरं एकाला आवडतील आणि दुसऱ्याला झोंबतील.

नागपुरात कोणता कायदा लागतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याआधी मुंबई-पुण्याला 1947 चा मुंबई भाडे कायदा होता, मराठवाड्याला हैदराबादचा आणि आपल्या विदर्भाला 1949 चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश. त्या जुन्या आदेशात घरमालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. ती मिळाली की नोटीस, आणि मग दिवाणी दावा. महाल-इतवारीतले जुने लोक आजही 'रेंट कंट्रोलरकडे केस टाकतो' असं म्हणतात ते त्यामुळे. आता ती पायरी राहिली नाही, दावा थेट कोर्टात दाखल होतो.

शहराच्या हद्दीबाहेर, बेसा-हुडकेश्वरच्या पलीकडच्या गावांत घर असेल तर ते गाव कायद्याच्या अनुसूचीत आहे की नाही ते वकिलाकडून आधी तपासून घ्या. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो आणि सगळी चाल बदलते.

माझ्या घरात राहणारा 'भाडेकरू' आहे की 'लायसन्सी'? फरक काय पडतो?

पुढचं जवळपास सगळं या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

भाडेकरूला घरात हक्क मिळतो. कराराची मुदत संपली म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं कोर्टात सिद्ध करावं लागतं. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला फक्त ठरलेल्या मुदतीपर्यंत राहण्याची परवानगी असते. मुदत संपली की परवानगी संपली. कलम 24 प्रमाणे घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो आणि तिथे कारण सिद्ध करायची गरज नसते.

म्हणून धरमपेठेत आजोबांच्या काळापासून तीनशे रुपयांवर राहणारं कुटुंब आणि मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये अकरा महिन्यांवर आलेला मिहानमधला इंजिनिअर यांच्या केसेस एकाच कायद्याखाली असूनही एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. शेजाऱ्याचं घर सहा महिन्यांत खाली झालं, माझंच का होत नाही, असं विचारण्याआधी दोघांचे कागद शेजारी ठेवून वाचा.

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही ना?

लागते. हा गैरसमज अख्ख्या शहरात पसरलेला आहे. भारतीय नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची पळवाट निघाली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 वेगळं सांगतं. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो, भाडं असो वा लायसन्स. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

खर्चाचं म्हणाल तर तो फार नाही. लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. महिना 10,000 रुपये, अकरा महिने, 30,000 रुपये बिनव्याजी डिपॉझिट असं धरलं तर डिपॉझिटवरचं काल्पनिक 10 टक्के व्याज मिळवूनही शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास जातं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. आधार आणि अंगठा घेऊन हे घरबसल्या ऑनलाइन होतं. हे पैसे वाचवून स्टँप पेपरवर नोटरी करून घेणारा घरमालक पुढे वकिलाला किती देतो, हे न्यायमंदिराच्या, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या कँटीनमध्ये कोणीही सांगेल.

काहीच लेखी नाही. ओळखीनं ठेवलं होतं. आता?

घरमालकाची बाजू कमकुवत झाली, पण संपली नाही. लेखी करार नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल किरायेदार जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तो म्हणाला, 'मी भाडेकरू आहे, महिना चार हजार ठरले होते,' तर तसं नव्हतं हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर. यूपीआयच्या नोंदी, बँकेचं पासबुक, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, महावितरणची बिलं, पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती, जे असेल ते जमवा.

पोलीस स्टेशनला तक्रार दिली तर पोलीस घर खाली करून देतात का?

नाही. हा दिवाणी वाद आहे. कोर्टाच्या किंवा सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस कोणाला घराबाहेर काढू शकत नाहीत. भाडेकरूची माहिती ठाण्यात देणं हा वेगळा विषय. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश असतो आणि तो पाळायलाच हवा, पण ती माहिती दिल्यानं घर रिकामं करून घ्यायचा हक्क मिळत नाही. मारहाण, धमकी, तोडफोड झाली तर मात्र दोन्ही बाजूंनी पोलिसात जावं.

लाईट-पाणी बंद केलं तर तो आपोआप निघून जाईल, असं सगळे सांगतात.

सगळे चुकीचं सांगतात. कलम 29 मध्ये घरमालकानं अत्यावश्यक सेवा तोडणं किंवा अडवणं याला स्पष्ट मनाई आहे. वीज आणि पाणी तर आलंच, शिवाय जिन्यातला दिवा, लिफ्ट, साफसफाईसुद्धा त्यात येते. किरायेदार कोर्टात अर्ज करून सेवा पुन्हा सुरू करण्याचा अंतरिम आदेश घेऊ शकतो, आणि घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

नेहमीचा प्रकार असा. नवतपा सुरू, पारा पंचेचाळीसच्या वर, वरच्या मजल्यावर टिनाखाली बिऱ्हाड. घरमालक खालच्या मीटरचा कटआऊट (फ्यूज) काढून खिशात ठेवतो. कूलर बंद, मोटर बंद, घरात म्हातारी आणि तान्हं मूल. दुसऱ्या दिवशी किरायेदार अर्ज घेऊन कोर्टात. आता भाडं कोणी थकवलं हा मुद्दा मागे पडतो, न्यायाधीशांसमोर असतो तो कटआऊट. थकबाकीची चांगली केस असलेले घरमालक असं करून स्वतःची केस नासवतात.

घरमालकानं मी गावाला गेलो असताना कुलूप बदललं. सामान आतच आहे.

सहा महिने हा आकडा लक्षात ठेवा. विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 6 खाली, ज्याला कायद्याची पायरी टाळून आणि त्याच्या संमतीशिवाय ताब्यातून काढलं, तो ताबा परत मागू शकतो. दावा सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो. या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच विचारला जात नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कसा गेला, एवढंच पाहतात. सोबत मनाई हुकूमाचा अर्ज करा, पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या, दाराचे आणि नव्या कुलपाचे फोटो काढा. रागाच्या भरात स्वतः कुलूप तोडू नका.

भाडेकरूला कोणकोणत्या कारणांवर काढता येतं?

मुख्य कलमं दोन. कलम 15 थकबाकीचं, कलम 16 बाकी सगळ्याचं. कलम 16 मधली नेहमी लागणारी कारणं: घराची नासधूस, लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव किंवा बेकायदा वापर, पोटभाडेकरू ठेवणं, नोकरीमुळे दिलेलं घर नोकरी सुटल्यावरही न सोडणं, घरमालकाची खरी आणि वाजवी गरज, घर रिकामं केल्याशिवाय होऊच शकत नाही अशी दुरुस्ती, पाडून नवीन बांधणं, आणि वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने घर ज्या कामासाठी दिलं त्यासाठी न वापरणं.

'भाडं फार कमी आहे' हे कारण यादीत नाही. 'आता बाजारात तिप्पट मिळेल' हेही नाही. भाडं वर्षाला 4 टक्के वाढवण्याची मुभा कायद्यानं दिली आहे, ती बरेच जुने घरमालक वर्षानुवर्षं वापरतच नाहीत आणि मग एकदम घर मागतात.

आठ महिन्यांचं भाडं थकलं आहे. उद्याच केस टाकता येईल?

उद्या नाही. आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून 90 दिवस थांबावं लागतं. नोटीस पोचपावतीसह टपालानं जावी, थकबाकीचे महिने आणि रक्कम नेमकी लिहिलेली असावी. आकडा फुगवला तर त्यावरच वाद सुरू होतो.

नव्वद दिवसांत पैसे आले नाहीत की दावा. पण इथेही कायदा किरायेदाराला आणखी एक संधी देतो. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्यानं सगळी थकबाकी, वर्षाला 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचं भाडंही वेळेवर भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावर घर जात नाही. महिना 6,000 नं आठ महिन्यांचे 48,000 होतात, त्यावर वर्षभराचं व्याज 7,200. घर वाचवायचं असेल तर हे महाग नाही.

घरमालकांना हे पटत नाही, आणि त्यांची चीड समजण्यासारखी आहे. पण जे किरायेदार घर गमावतात त्यांच्यातले कितीतरी पैसे नसल्यामुळे नाही, तर तारीख चुकल्यामुळे गमावतात. समन्स आलं, ते देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं, आणि वकिलाकडे आले तेव्हा मुदत होऊन गेलेली.

घरमालक भाडं घेतच नाही, आणि वर थकबाकी म्हणतो.

जुनी युक्ती आहे. बँकेत किंवा यूपीआयनं पाठवा आणि 'अमुक महिन्याचं भाडं' असं नमूद करा. खातं माहीत नसेल तर चेक टपालानं पाठवा. पाकीट 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलं तर ते न फोडता जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. रोख दिलं तर पावती घ्या. पावती देणं घरमालकावर बंधनकारक आहे.

मुलाचं लग्न ठरलं, खोल्या हव्यात. ही 'खरी गरज' धरतात का?

धरतात. गरज फक्त मालकाची स्वतःचीच असावी असं नाही, कुटुंबातल्यांचीही चालते. मुलाचं लग्न, गावाहून आलेले आई-वडील, मुलीची प्रॅक्टिस अशा गरजा कोर्टांनी मान्य केलेल्या आहेत. मालकानं कुठे कसं राहावं हे किरायेदार ठरवू शकत नाही. मात्र गरज मनात नुसती असून भागत नाही. लग्नपत्रिका, मुलाच्या बदलीचा आदेश, सध्या किती खोल्यांत किती माणसं राहतात याचा नकाशा, हे सगळं साक्षीत यावं लागतं.

त्यानंतर कोर्ट तराजू धरतं. घर दिल्यानं किरायेदाराला होणारा त्रास मोठा की न दिल्यानं मालकाला होणारा? किरायेदारानं दुसरीकडे घर शोधलं का, त्याच्या नावावर फ्लॅट आहे का, हे इथे निघतं. काही वेळा घराचा अर्धाच भाग मालकाला देऊन मार्ग काढला जातो.

आणि ताबा मिळाल्यावर महिनाभरात मालक राहायला गेला नाही, किंवा वर्षाच्या आत घर दुसऱ्याला किरायानं दिलं, तर जुना किरायेदार कोर्टात जाऊन पुन्हा ताबा मागू शकतो. लग्नाचं नाव पुढे करून घर काढून घेतलं आणि दोन महिन्यांत दारावर 'टू-लेट' लटकवलं, असं करणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली, तो जात नाही. काय करायचं?

सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. नोंदवलेला करार जोडा. समोरच्याला समन्स जातं. ते मिळाल्यापासून 30 दिवसांत त्यानं शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची असते. मागितली नाही तर तुमचं म्हणणं कबूल धरून आदेश होतो. मुदतीनंतर तो जितके दिवस राहिला त्या दिवसांची नुकसानभरपाई लायसन्स शुल्काच्या दुप्पट दरानं मागता येते. आदेशाविरुद्ध अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश तपासून पाहण्याची विनंती.

मुदत संपल्यावर 'चालू द्या, नंतर करू' म्हणून पैसे घेत राहू नका. नवा करार करा किंवा लेखी कळवा की हे पैसे नुकसानभरपाईपोटी घेतो आहे. सैन्यदलात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या घरमालकांसाठीही याच प्राधिकाऱ्याकडे वेगळी तरतूद आहे. कामठी भागात ती उपयोगी पडते.

भाडेकरूविरुद्धचा दावा कुठे चालतो आणि किती वर्षं?

सिव्हिल लाईन्समधल्या न्यायमंदिरात, लघुवाद न्यायालयात. समन्स बजावल्यापासून 12 महिन्यांत दावा निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो, आणि बराचसा वेळ समन्स बजावण्यात, जबाब येण्यात आणि साक्षीदार न आल्यानं जातो. पत्ता बरोबर द्या, उलटतपासणीच्या तारखेला हजर राहा. अर्धी लढाई तिथेच असते.

जिल्हा न्यायालयात एक अपील करता येतं. दुसरं अपील नाही. त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येतं, पण तिथे सगळा पुरावा नव्यानं तपासत नाहीत. अपिलात स्थगिती मिळाली तरी फुकट राहता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये आत्मा राम प्रॉपर्टीज प्रकरणात सांगितलं आहे की हुकूमनाम्यानंतर, म्हणजे घर खाली करण्याचा कोर्टाचा निकाल लागल्यावर, स्थगिती देताना बाजारभावाप्रमाणे रक्कम भरण्याची अट घालता येते. तीनशे रुपयांवर राहणाऱ्याला मग हजारोंचा आकडा दिसतो आणि तडजोडीची भाषा सुरू होते.

हुकूमनामा मिळाला. ताबा घ्यायच्या दिवशी नेमकं काय होतं?

आधी अंमलबजावणीचा अर्ज, मग ताबा वॉरंट. तारीख ठरली की बेलीफ, म्हणजे आदेश बजावणारा कोर्टाचा कर्मचारी, येतो. सोबत तुम्ही किंवा तुमचा माणूस, दोन पंच, कुलूपवाला, आणि विरोध होईल असं वाटत असेल तर कोर्टाच्या परवानगीनं पोलीस. बेलीफ दार वाजवतो, वॉरंट वाचून दाखवतो आणि निघायला सांगतो. माणसं निघाली तर बरं. नाही निघाली तर कुलूप तोडलं जातं आणि सामानाची यादी होते: लोखंडी कपाट एक, कूलर एक, गॅस सिलिंडर दोन, शिलाई मशीन, स्टीलचे डबे, भिंतीवरचे फोटो. पंचनाम्यावर सह्या होतात, नवं कुलूप लागतं आणि किल्ली मालकाच्या हातात येते. त्या दिवशी गल्ली जमलेली असते, शब्दाला शब्द वाढतो. मालकानं तोंड मिटून उभं राहावं, सामानाला हात लावू नये.

ऐनवेळी एखादा 'मी इथे वेगळा राहतो, माझ्याविरुद्ध हुकूम नाही' म्हणत आडवा येतो. तेव्हा बेलीफ अहवाल लिहून परत जातो आणि अडथळा दूर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. अंमलबजावणीचे अर्ज सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये राहुल शाह प्रकरणात बजावलं आहे. आपल्या अर्जात त्याचा उल्लेख करावा.

बारा वर्षं राहिला की किरायेदार मालक होतो का?

नाही. भाडं देऊन राहणारा मालकाच्या परवानगीनं राहतो. चाळीस वर्षं राहिला तरी भाडेकरूच.

वडील भाडेकरू होते, वारले. घर सोडावं लागेल?

मृत्यूच्या वेळी त्यांच्यासोबत त्या घरात राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. आईच्या किंवा तुमच्या नावानं भाडेपावती मागा. पुण्याला स्थायिक झालेल्या भावाचा हक्क इतका सरळ नाही.

इतवारीतलं घर पडायला आलं. महापालिकेची नोटीस आली आहे.

जीव आधी, बाहेर निघा. पण निघण्यापूर्वी आपण कोणत्या खोलीत, किती जागेत राहतो याचं मोजमाप, फोटो आणि महापालिकेच्या कागदात आपल्या नावाची नोंद करून घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात म्हटलं आहे. काही मालक गच्चीला पाणी सोडून इमारत 'जुनी' करतात, तेव्हा खर्चानं का होईना, स्वतंत्र अभियंत्याचा तपासणी अहवाल घ्यावा.

घोषित झोपडपट्टीतलं घर खाली करून घ्यायला मात्र झोपडपट्टी कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. ती न घेता टाकलेला दावा पुढे कोसळतो.

डिपॉझिट परत मिळत नाही.

घर सोडताना चावी दिल्याची लेखी पोच घ्या, वीजबिल भरल्याची पावती द्या, खोल्यांचा व्हिडिओ काढा. रंगाच्या नावावर सगळी रक्कम कापणं चालत नाही. नेहमीच्या वापरातली झीज ही नुकसान धरली जात नाही. नोटीस देऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा दावा.

वकिलाचे पैसे नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे.

तडजोड करायची असेल तर कशी?

कोर्टात लेखी करा, किंवा लोकअदालतीत. चहाच्या टपरीवर ठरलेली तडजोड दोन्हीकडून मोडते. घर कोणत्या तारखेला द्यायचं, तोपर्यंत किती रक्कम भरायची, डिपॉझिट कधी परत, मुलांची शाळा एप्रिलपर्यंत असेल तर मुदत मे अखेरपर्यंत, सगळं लिहून घ्या. लोकअदालतीच्या निवाड्याविरुद्ध अपील नसतं आणि त्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच होते, म्हणून सही करण्यापूर्वी तारीख दोनदा वाचा.